लॅक्टोमीटर

साडेपाचला गेंदालालची राजदूत
छावणीच्या चढावर खोकते.
दोन्ही बाजूंना कॅन, झाकणाखाली गवताची चुंबळ,
दूध हिंदकळू नये म्हणून.
"दीदी, आज डेढ़ या दो?"
दीडच. पप्पा आता चहा घेत नाहीत.

एके काळी ही फटफट ऐकली की ते
लेंग्यावरच बाहेर यायचे. हातात काचेची नळी,
बुडाशी शिसं, मानेवर आकडे.
पातेल्यात सोडायचे आणि असे वाकून बघायचे
जशी विहिरीत पडलेली किल्ली.
"गेंदालाल, सव्वीस."
गेंदालाल आभाळाकडे बघायचा.
"साहब, भैंस ने पानी ज़्यादा पी लिया होगा."

एका रविवारी तीच नळी
झग्याच्या आतल्या खिशातून निघाली, थेट व्यासपीठावर.
प्रेषित सांगतो, तान्ह्यासारखी दुधाची तहान लागू द्या.
पण कुठल्या दुधाची?
त्याच्या ग्रीक शब्दात म्हणे एक गाठ आहे,
सोडवली की अर्थ निघतो: ज्यात कपट नाही.
"तुमच्या प्रार्थनेत ही सोडली,
तर किती आकडा दाखवील?"
चाळीस माणसांची आमची मराठी मंडळी,
साडेनऊला हिंदीवाल्यांना जागा करून द्यायची,
तरी कुणी घड्याळ बघितलं नाही.
पेटीवर बसलेल्या दुर्कसमावशी तेवढ्या पुटपुटल्या,
"आमचं तर नुसतंच पाणी हो."

दुसऱ्या एका पत्रातल्या दुधावर मात्र त्यांचा राग होता.
किती वर्षं दूधच पिणार?
दात कधी यायचे तुम्हाला?
जड अन्न खा, जड अन्न! आणि मूठ आपटायची,
प्रभुभोजनाचे छोटे पेले किणकिणायचे.

माझं दृढीकरण झालं त्या रात्री
मला सराफ्यात नेलं.
दागिन्यांची दुकानं मिटलेली, ओट्यांवर कढया.
सांगत होते, पूर्वी बाप्तिस्म्याच्या पाण्यातून
नवा माणूस वर आला की
त्याला दूध आणि मध पाजायचे,
वचनाचा देश जिभेला आधी कळावा म्हणून.
मध नव्हता. शिकंजी होती,
आपली, इंदूरची, लिंबाशी ओळखही नसलेली,
रबडीची, जायफळाची, पेल्यातून ओठांवर यायला कंटाळणारी.
"पप्पा, हे दूध की जड अन्न?"
ते हसले. मिशीला साय.
उत्तर राहूनच गेलं.

मार्चमध्ये उजवी बाजू गेली. बोलणंही.
पातळ दिलं की ठसका,
घट्ट दिलं की घास गालात तसाच,
संध्याकाळी बोटाने काढावा लागतो.
एम. वाय.मधल्या डॉक्टरीणबाईंनी
एका डब्यावर गोल करून दिला:
ग्लासभर दुधात दोन चमचे ही भुकटी,
ढवळत राहायचं,
चमचा उलटा केल्यावर थेंब
पडू की नको करेपर्यंत.
दूधही नाही, अन्नही नाही.
कुठल्याच मंडळीला कुठल्याच प्रेषिताने
याबद्दल लिहिलेलं मला सापडलं नाही,
आणि विचारायचं ज्यांना, त्यांच्या गळ्याशी
मी टॉवेल खोचते आहे.

आज कपाटात मोजे शोधताना नळी हाती लागली.
का कोण जाणे, धुतली,
आणि त्यांच्यासमोरच ग्लासात सोडली.
बुडाली नाही, तरंगलीही नाही,
सोडली तिथेच तिरकी उभी राहिली,
आकडे सगळे उघडे.

पप्पांनी मान वळवली.
तोच जुना डोळा, किल्ली शोधणारा.
अर्धा चेहरा हलला, मिशीवरचं पांढरं थरथरलं,
आणि चार महिन्यांत पहिल्यांदा
घशातून काहीतरी वर आलं, ठसका नव्हे:
"सव्... वीस."

मी आभाळाकडे बघितलं.
तिथे पंखा होता.
"म्हैस पाणी जास्त प्यायली असेल," म्हटलं,
आणि चमचा पुढे केला.